मफलर बाजूला ठेवा, आधी हातभर पट्टी विणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दीड महिन्यापूर्वी विणायला लागलात, सुलट टाका येतो, उलटही येतो. ३० टाके घालून सगळ्या ओळी सुलट असा मफलर सुरू केलात, आणि वीतभर झाल्यावर मोजले तर टाके ४१ भरले. कडा तिरक्या गेल्या आहेत, मधे दोन-तीन भोकं पडली आहेत. आता हा मफलर पुढे न्यावा की उसवावा, पहिली छोटी वस्तू कोणती घ्यावी आणि तिच्यासाठी काय सामान लागेल, हे तुम्हाला हवं आहे.

गेली पंचवीस वर्षं मी विणकाम शिकवते आहे आणि पहिला मफलर असा फाकत गेलेला शंभरदा तरी पाहिला असेल. तुमचा हात वाईट नाही. चूक बहुधा एकाच जागी होते आहे आणि ती जागा दाखवली की दहा मिनिटांत सुटते. म्हणून आधी ती दाखवते, वस्तूंकडे मग येऊ.

ओळ संपली, सुया अदलाबदल केल्या, आता भरलेली सुई डाव्या हातात आहे. तिच्या पहिल्याच टाक्यातून गुंड्याकडे जाणारा धागा निघतो. तो कुठे लोंबतोय ते बघा. तो सुईच्या खाली, तुमच्या अंगाच्या बाजूला लोंबायला हवा. सुलट विणायचं तर तिथून तो सुईच्या खालून मागे न्यायचा. नवशिका काय करतो, तर धागा 'मागे हवा' हे पाठ असल्यामुळे तो सुईच्या वरून मागे टाकतो आणि ओढतो. त्या ओढीनं खालच्या ओळीतला टाका सुईवर चढतो आणि पहिल्या टाक्याचे दोन पाय दोन वेगळ्या टाक्यांसारखे दिसायला लागतात. तुम्ही प्रामाणिकपणे दोन्ही विणता. एका ओळीला एक टाका वाढला. अशा अकरा ओळी झाल्या की ३० चे ४१.

आज सुई हातात घेतलीत की हे मुद्दाम करून बघा. धागा वरून मागे ओढा, पहिला टाका कसा दुहेरी होतो ते पाहा, मग धागा परत खाली सोडा आणि तो एकेरी होताना पाहा. एकदा डोळ्यांनी पाहिलं की ही चूक सहसा परत होत नाही.

मधली भोकं दोन कारणांनी पडतात. विणताना धागा नकळत दोन सुयांमधून पुढे आला आणि तसाच पुढचा टाका सुलट विणला, तर सुईवर एक जास्तीचा वेढा बसतो. पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि त्याच्या खाली भोक राहतं. (जाळीची वीण याच युक्तीवर चालते, तेव्हा हे भोक पुढे कामाला येणार आहे.) दुसरं कारण म्हणजे ओळ अर्धी सोडून उठणं. परत आल्यावर सुया उलट्या हातात घेतल्या की तुम्ही आल्या वाटेनं परत विणायला लागता आणि मधे फट पडते. शक्यतो ओळ पूर्ण करूनच उठा. उठावंच लागलं तर परत बसताना एवढं बघा की गुंड्याला जोडलेला धागा उजव्या हातातल्या सुईवरून निघतोय. तो डाव्या सुईवरून निघत असेल तर सुया बदला.

आता मफलर. उसवा, पण लगेच नको. त्याच टाक्यांवर पुढे दहाबारा ओळी एक सुलट, एक उलट अशा आलटून पालटून विणा, म्हणजे समोरून इंग्रजी व्ही सारख्या साखळ्या दिसतील आणि मागून उंचवटे. मग मधला एक टाका सुईवरून मुद्दाम काढून टाका. हो, मुद्दाम. कापड हळूच आडवं ताणा. टाका एकेक ओळ खाली उतरेल आणि त्याच्या वर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे सुटे होतील. पाच-सहा पायऱ्या झाल्या की क्रोशाची सुई पुढून त्या मोकळ्या टाक्यात घाला, सगळ्यात खालची पायरी आकड्यात पकडा, टाक्यातून ओढून घ्या. मग वरची पायरी, मग तिच्या वरची. शेवटचा टाका डाव्या सुईवर ठेवा आणि विणायला लागा. जिथून टाका सुटला होता ती जागा दुसऱ्या दिवशी तुम्हालाही सापडणार नाही.

मी प्रत्येक विद्यार्थ्याला हे पहिल्या काही दिवसांतच करायला लावते. टाका सुटायची भीती ज्याला असते तो प्रत्येक टाका आवळून विणतो. आवळलेल्या टाक्यात सुई शिरत नाही, जोर लावावा लागतो आणि जोर लावताना शेजारचा टाका निसटतो. भीती गेली की हात आपोआप सैल पडतो.

एवढं झाल्यावर सगळं उसवून लोकर गुंडाळून ठेवा. उसवलेली लोकर नागमोडी होते. ती पुन्हा वापरायची तर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, हलकेच दाबून निथळवा आणि टांगून वाळवा. बरीचशी सरळ होते.

मफलर पहिल्यांदा का नको, तर हिशोब करून बघा. मध्यम लोकर, ४० टाके रुंदी, दीड मीटर लांबी. सगळ्या सुलट ओळींच्या विणीत १० सेंटीमीटरला साधारण ४० ओळी लागतात, म्हणजे एकूण ६०० ओळी आणि २४,००० टाके. मिनिटाला १५ टाके धरले तरी २६ तासांहून जास्त. या २६ तासांत नवं काय शिकलात, तर पहिल्या दोन तासांनंतर काहीच नाही. उलट सुरुवातीचे टाके आणि शेवटचे टाके यांत इतका फरक पडलेला असतो की एकच वस्तू दोन माणसांनी विणल्यासारखी दिसते. छोट्या वस्तूंचा खरा फायदा हा आहे. प्रत्येक वस्तू एक नवी गोष्ट शिकवते आणि कंटाळा यायच्या आत पूर्ण होते. टाके बंद करणं (शेवटी ते सुईवरून उतरवून कड पक्की करणं), शिवणं, धागे लपवणं ही शेवटाकडची कामं मफलरवाल्याच्या वाट्याला महिन्या-दोन महिन्यांनी एकदाच येतात.

म्हणून पहिली वस्तू: कान झाकणारी डोक्याची पट्टी. १८ टाके, सगळ्या ओळी सुलट.

सामान आधी सांगते. लोकर मध्यम जाडीची घ्या, जिला वेष्टनावर डबल निटिंग किंवा डीके म्हणतात. ५० ग्रॅमचा एक गुंडा पट्टीला पुरतो. रंग फिका आणि एकच. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. केसाळ लोकरीत ते दिसत तर नाहीतच, शिवाय उसवताना एकमेकांत गुंततात. रंगीबेरंगी लोकर गुंड्यात सुंदर दिसते म्हणून घ्यावीशी वाटते, पण चूक लपवण्यात ती पटाईत असते आणि तुम्हाला आता चुका दिसायला हव्या आहेत. सुती धागाही पुढे ढकला. लोकरीला ताण असतो, टाका थोडा कमी-जास्त झाला तर ती सांभाळून घेते; सुतात तो मोकळेपणा नाही, त्यामुळे बोटं लवकर दुखतात आणि प्रत्येक वेडावाकडा टाका तसाच उठून दिसतो. शुद्ध लोकर मिळाली तर उत्तम, ॲक्रिलिकही चालेल.

सुया ४ मिलिमीटरच्या, बांबूच्या किंवा लाकडाच्या. धातूच्या सुयांवर टाके घसरतात. हात बसल्यावर वेगासाठी तेच हवं असतं, सुरुवातीला नको. लांबी २५ सेंटीमीटरच्या आसपास बास, लांब सुया कोपराला अडतात.

सुईच्या नंबरबद्दल एक सावधगिरी. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते: ४ नंबर म्हणजे ६ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १४ नंबर म्हणजे २ मिलिमीटर. अमेरिकी पद्धत बरोबर उलटी, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते आणि ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. हे मला ठाऊक नव्हतं त्या काळात मी एका अमेरिकी नमुन्यात '८ नंबर' वाचून माझ्याकडची ८ नंबरची सुई घेतली आणि मोठ्या माणसासाठी विणलेली टोपी पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याला झाली. एक मिलिमीटरचा फरक, पण आख्खी टोपी गेली. तेव्हापासून मी नंबर बघत नाही, मिलिमीटर बघते. तुम्हीही तेच करा.

बाकी लागतं ते थोडं: बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची सुई शिवायला, छोटी कात्री, टेप, टाका उचलायला क्रोशाची सुई आणि दोन-चार सेफ्टी पिना. टाके ओळखायच्या खुणेसाठी वेगळ्या रंगाच्या धाग्याची छोटी कडी पुरते. ओळी मोजायचं यंत्र नको, कागदावर रेघोट्या मारा.

पट्टीसाठी डोक्याचा घेर कपाळावरून कानांवर घेऊन मोजा. ५५ सेंटीमीटर आला तर पट्टी ५० ची विणायची. लोकर ताणते, म्हणून डोक्यावर बसणारी कुठलीही वस्तू घेरापेक्षा पाचएक सेंटीमीटर लहानच हवी. बरोबर मापाची केलीत तर ती डोळ्यांवर घसरेल. टाके घालताना आवळू नका. टाके घालण्याआधी धाग्याचं सुटं टोक किती लांब सोडायचं हा नेहमीचा प्रश्न असतो: विणीच्या रुंदीच्या तिप्पट, वर १५ सेंटीमीटर शिवायला. या पट्टीची रुंदी ९ सेंटीमीटर होईल, म्हणजे ४०-४५ सेंटीमीटर सोडा.

मग विणा. समोरच्या बाजूला एक पिन लावून ठेवा म्हणजे सुलट-उलट बाजू कळेल. सगळ्या सुलट ओळींच्या विणीत दोन ओळी मिळून एक उठावाची आडवी रेघ तयार होते, त्यामुळे ओळी मोजायच्या नाहीत, रेघा मोजायच्या: १०० रेघा म्हणजे २०० ओळी, साधारण ५० सेंटीमीटर. पहिल्या वीस ओळी प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. १८. मग दर चार ओळींनी. १९ आले तर पुढे जाऊ नका, तीच ओळ उलटी सोडवत या: डावी सुई खालच्या ओळीच्या टाक्यात घाला, वरचा टाका उजव्या सुईवरून सोडा, धागा ओढा, पुढचा. सगळी सुई बाहेर काढून उसवण्यापेक्षा हे सावकाश आहे, पण यातून टाक्याची रचना हाताला कळते.

टाके बंद करताना हात हमखास आवळला जातो. उजव्या हातात एक माप जाड सुई घ्या, कड सैल राहील. धागा ३० सेंटीमीटर ठेवून कापा, दोन्ही टोकं जुळवा आणि बोथट सुईनं शिवून टाका. उरलेले धागे गाठ न मारता विणीतूनच चार-पाच सेंटीमीटर एका दिशेनं, मग थोडे परत असे ओवून लपवा. गाठ धुण्यात सुटते, नाहीतर कपाळाला टोचते. ३,६०० टाके, चार तासांचं काम, आणि टाके घालण्यापासून धागे लपवण्यापर्यंत एक पूर्ण वस्तू तुमच्या हातून झालेली असेल.

दुसरी वस्तू बोटं मोकळी राहणारे मनगटमोजे. यात नवं आहे ते दोन सुलट, दोन उलट ही ताणणारी वीण, आणि उभ्या कडांची शिवण. त्याच लोकरीचे ४२ टाके घाला. ४० का नाही? चारच्या पटीत दोन मिळवले की ओळ दोन सुलटांनी सुरू होऊन दोन सुलटांनी संपते. शिवताना प्रत्येक कडेचा एकेक टाका आत जातो आणि उरलेले दोन शेजारी आले की वीण अखंड दिसते. मागून येताना ओळ दोन उलटांनी सुरू होईल. पण हे पाठ करू नका, सुईवरचा टाका बघा. खाली साखळीसारखा दिसतोय तर सुलट, गळ्यात उंचवटा आहे तर उलट. जसा दिसतो तसा विणा. ज्या दिवशी हे मोजल्याशिवाय जमेल त्या दिवशी तुम्ही विणता विणता गप्पा मारू शकाल. आणि एक: सुलटावरून उलटाकडे जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे, उलटावरून सुलटाकडे येताना मधून मागे. विसरलात तर मघाचं भोक परत येईल.

१८ सेंटीमीटर लांबी झाली की त्याच विणीत टाके बंद करा, म्हणजे सुलट टाका सुलट विणून आणि उलट टाका उलट विणून. नुसते सुलट बंद केले तर कड ताणणार नाही. उभी घडी घाला. बोटांच्या बाजूनं ४ सेंटीमीटर शिवा, अंगठ्यासाठी ५ सेंटीमीटर मोकळं सोडा, खालचं सगळं शिवून टाका. दुसरा मोजा त्याच आठवड्यात सुरू करा. महिनाभरानं घेतलात तर हात बदललेला असतो आणि जोडी जुळत नाही.

मग टोपी, आणि इथे नमुन्याचा तुकडा विणून मोजायला पर्याय नाही. पट्टी एखादा सेंटीमीटर रुंद झाली तर बिघडत नाही, टोपीचं बिघडतं. ४ मिलिमीटरच्या सुईवर ३० टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा १३-१४ सेंटीमीटरचा चौकोन विणा, भिजवून सपाट वाळवा, आणि मधले १० सेंटीमीटर मोजा. कडा मोजू नका, त्या ओढलेल्या असतात. वेष्टनावर १० सेंटीमीटरला बहुतेक २२ टाके लिहिलेले असतील. आता बघा, टोपीला ११२ टाके धरले तर २२ च्या हातानं घेर ५१ सेंटीमीटर येतो. तुमचे १० सेंटीमीटरला २० बसले तर तीच टोपी ५६ ची होते, २४ बसले तर ४७ ची. चौकोनात जो फरक दोन टाक्यांचा, तो डोक्यावर चार-पाच सेंटीमीटरचा. टाके कमी बसले तर बारीक सुई घ्या, जास्त बसले तर जाड. हात बदलायचा प्रयत्न करू नका, सुई बदला. आवळून विणायचं ठरवून दहा ओळी जातात, अकरावीला हात मूळ पदावर येतो.

हा चौकोन कडांनी गुंडाळला जाईल: वरखाली पुढे, दोन्ही बाजूंनी मागे. तुमचं काही चुकलेलं नाही, त्या विणीचा तो स्वभावच आहे. म्हणून टोपीला खाली ताणणारी कड हवी.

११४ टाके घाला, ११२ टोपीचे आणि दोन्ही कडांचा एकेक शिवणीचा. दोन सुलट-दोन उलट ५ सेंटीमीटर. मग एक ओळ सुलट, एक उलट असं एकूण १२ सेंटीमीटरपर्यंत. आता माथा: पहिला टाका साधा विणून मग १२ सुलट आणि दोन टाके एकत्र, असं आठ वेळा, शेवटचा टाका साधा. पुढची ओळ पूर्ण उलट. त्यानंतर ११ सुलट आणि दोन एकत्र, परत उलट ओळ, मग १०, मग ९. अशा दोन ओळींच्या प्रत्येक जोडीला आठ टाके कमी होतात. आठांच्या जागा धाग्याच्या कड्यांनी दाखवून ठेवा म्हणजे दर वेळी मोजावं लागणार नाही. अशा १३ कमी करायच्या ओळी झाल्या की सुईवर १० टाके उरतात. धागा ४० सेंटीमीटर ठेवून कापा, बोथट सुईनं सगळ्या टाक्यांतून ओवा, घट्ट ओढा आणि त्याच धाग्यानं टोपी वरून खाली शिवत या. माथ्यावर आठ रेषा एका बिंदूशी मिळालेल्या दिसतात. एवढं देखणं आपल्या हातून झालंय यावर विद्यार्थ्यांचा पहिल्यांदा विश्वास बसत नाही. ५० ग्रॅमचे दोन गुंडे हाताशी ठेवा, आणि दोन्हींच्या वेष्टनावरचा रंगाच्या घाण्याचा क्रमांक, म्हणजे लॉट नंबर, एकच आहे ना ते घेतानाच बघा. एकाच नावाचा रंग दोन घाण्यांत वेगळा उतरतो आणि तो फरक टोपीच्या मध्यावर पट्ट्यासारखा दिसतो.

बाळाचे बूट पहिल्यांदा विणू नका. ते छोटे असतात म्हणून सोपे वाटतात, पण त्या तळहाताएवढ्या जागेत टाके वाढवणं, कमी करणं, उचलणं आणि दोन वळणदार शिवणी असतात. टोपीनंतर जरूर घ्या.

धुण्याबद्दल थोडक्यात. शुद्ध लोकर गरम पाण्यात चोळली तर ती आवळून नमद्यासारखी होते आणि परत येत नाही. गार किंवा कोमट पाणी, नुसतं भिजवणं, टॉवेलात गुंडाळून दाबणं, सपाट वाळवणं. ॲक्रिलिकला गरम इस्त्री लावू नका, धागा वितळून चपटा पडतो आणि ताण कायमचा जातो.

तुम्ही जाता जाता लिहिलं आहे की तुम्ही डावखुऱ्या आहात, आणि उलट्या दिशेनं विणावं का. माझा सल्ला, नको. विणकामात दोन्ही हात सारखेच काम करतात आणि छापील नमुने जवळजवळ सगळे नेहमीच्या दिशेचे असतात. धागा उजव्या हाताऐवजी डाव्या हाताच्या तर्जनीवर धरून बघा. माझ्या डावखुऱ्या विद्यार्थिनींपैकी बऱ्याच जणींचा हात त्यानं चटकन बसला. पट्टीच्या पहिल्या वीस ओळी एका पद्धतीनं आणि पुढच्या वीस दुसऱ्या पद्धतीनं विणा, जी सैल आणि सारखी येईल ती ठेवा.